विहिरीतला सांत अंतोन

नीना, तुझं पत्र मिळालं. शाळेत घरातली एखादी जुनी हकिगत लिहून न्यायची आहे, आणि तुला आपल्या घरातला तो चमत्कार लिहायचा आहे, असं तू म्हणतेस. सोन्याचा क्रूस चोरीला गेला होता आणि सांत अंतोनने तो विहिरीच्या तळातून वर आणून दिला, हे तुला तुझ्या मामाने सांगितलं. त्याला गावच्या कुणीतरी सांगितलं असणार. तुझ्या भावाने, नोएलने, पत्राखाली चित्रही काढलं आहे: विहीर, दोर आणि पाण्यात सूर मारलेला संत. चित्र चांगलं आहे. गोष्ट खोटी आहे.

चाळीस वर्षं शाळेत शिकवताना मी मुलींना सांगत आले की राग आला असताना पत्राला उत्तर लिहू नये, चार दिवस थांबावं. मी चार दिवस थांबले. राग गेला नाही. उलट पाचव्या दिवशी सकाळी चहा गाळताना माझ्या लक्षात आलं की हा राग चार दिवसांचा नाहीच, साठ वर्षांहून जुना आहे, आणि तो निवायची वाट बघत बसले तर माझ्याबरोबरच पुरला जाईल. म्हणून लिहिते. शिस्तीने लिहिते: आधी घर, मग घरातले संत, मग विहीर. तुझी आई तुम्हाला वाचून दाखवील. तिने मधलं काही गाळू नये.

आमचं घर खाडीच्या तोंडाशी होतं, आगरदांड्याहून होडीने अर्ध्या तासावर. वीस-बावीस ख्रिस्ती घरांची वाडी, पलीकडे कोळ्यांची घरं, आणि खाडीच्या वरच्या अंगाला मुसलमान व्यापाऱ्यांचा मोहल्ला. आमची भट्टी होती, पावाची. माझे पपा पाव भाजत आणि सकाळी टोपली डोक्यावर घेऊन मोहल्ल्यात, मग बंदरावर, मग वाडीत फिरत. मैदा आगबोटीने मुंबईहून येई, पण पीठ फुगवायला घालायची ती आमच्याच माडांची माडी. त्यामुळे घरभर सतत एक आंबूस वास भरलेला असे. अजूनही कुठे ताडामाडाचा आंबलेला वास आला की माझे हात आपोआप परकराला पुसले जातात, पीठ लागलं असेल म्हणून. घराला पुढे पडवी, मागे भट्टी, आणि भट्टी व स्वयंपाकघर यांच्यामध्ये विहीर. विहिरीचा रहाट कुरकुरला की समजायचं, पहाट झाली, तिया उठली.

तिया म्हणजे आपोलिन तिया. आमच्यात मावशी, आत्या, काकू सगळ्यांना तियाच म्हणत. ही माझ्या आईची थोरली बहीण, विधवा. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली, तेव्हा मला सांभाळायला म्हणून ती आली आणि राहिली. मला सांभाळणं हे तिच्या कामांतलं सगळ्यात हलकं काम. मोठ्या लाकडी काथवटीत दोन वेळचं पीठ ती मळायची, पाणी ओढायची, भट्टीसाठी नारळाची सोडणं वाळवून रचायची, शिवाय सगळ्यांचं जेवण. उन्हाळ्यात तिच्या हातची कैरी घातलेली जवळ्याची आमटी आणि तांदळाची भाकरी खाल्ली की पपा ताटावरून उठताना हमखास म्हणत, "आपोलिन, आज जरा खारट झालेली," आणि ताट बघावं तर चाटून पुसलेलं.

घर मात्र तियाचं नव्हतं, पपांचंही नव्हतं. घर होतं मोठीबायचं. मोठीबाय म्हणजे पपांची आई. ती पडवीत बाकावर बसे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तिच्या शब्दाशिवाय घरातला चमचा इकडचा तिकडे होत नसे. वाडीत तिचा मान होता. सांत अंतोनच्या सणाला, म्हणजे जूनच्या तेराव्या दिवशी, आमच्या भट्टीतून 'सांताचा पाव' निघे. देवळात त्यावर पाद्री आशीर्वाद म्हणत आणि मग तो गोरगरिबांना, कोळ्यांना, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनाही वाटला जाई. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. पाव वाटायला मोठीबाय स्वतः दारात उभी राही, गळ्यात सोन्याचा क्रूस घालून. तो क्रूस ती वर्षातून तीनदाच घाले: नाताळ, ईस्टर आणि सांत अंतोन.

आता संत. मधल्या खोलीत भिंतीला लागून आल्तार होता, म्हणजे आमचा देव्हाराच. मधोमध मारी माता, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाकीचे, प्रत्येकाचं काम ठरलेलं. घसा धरला की सांत ब्लाज. पटकी-प्लेग आला की सांत रोक, पायाशी कुत्रा असलेला. हरवलेल्या वस्तूंना सांत अंतोन. मूल ज्या संताच्या दिवशी जन्मेल त्याचं नाव त्याला ठेवायची रीत होती. तियाचा जन्म सांत आपोलिनच्या दिवशीचा, ही दातांची संत, कारण छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले होते. आमच्या तियाचे दात चाळिशीच्या आतच किडलेले. दाढ ठणकायला लागली की गालाला फडकं बांधून ती म्हणे, "नाव दिलं, दात काय दिलं न्हाय." माझा जन्म सांत लुसीच्या सणाचा. लुसी डोळ्यांची संत. आमच्या तसबिरीत तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत तिचे दोन डोळे. राजाने काढलेले. मला लहानपणी ते माशाचे वाटत.

तियाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वर्षभरातल्या सगळ्या संतांची चरित्रं तिला पाठ होती, आणि ती पीठ मळताना सांगे. मुठी आपटायच्या तालावर माणसं मरत. सांत लोरेन्सला लोखंडी जाळीवर भाजलं तेव्हा तो राजाला म्हणाला, "ही कूस भाजली रं बाबा, आता परत मला." हे सांगताना ती भट्टीकडे बोट दाखवी आणि आम्ही पोरं खिदळायचो. पण लोरेन्सच्या दिवशी आमची भट्टी पेटत नसे. तो एक दिवस मोहल्ल्यातल्या बाया विचारत, "आज पाव नहीं?" आणि पपा सांगत, "आज आमचा एकजण भाजलेला, बीबी." गंमत अशी की इतक्या चरित्रांत तिने एकदाही मला 'म्हणून तू शहाण्यासारखी वाग' असं सांगितलं नाही. ते पुढे शाळेत मदर लोकांनी, म्हणजे नन्सनी सांगितलं, इंग्रजीतून, आणि भरपूर सांगितलं.

सांत अंतोनची आमच्याकडची मूर्ती लाकडी, हातभर उंचीची, तपकिरी झग्यातली, एका हातावर बाळ येशू. बाळ सुटं होतं, खुंटीवर बसवलेलं. मूर्ती आतून पोकळ होती, लाकूड तडकू नये म्हणून जुने कारागीर कोरत तशी, आणि बुडाला दोन बोटं जातील एवढं भोक होतं. या अंतोनशी आमच्या लोकांचं वागणं निराळं होतं. वस्तू हरवली की आधी मेणबत्ती आणि गोड बोलणं. नाही सापडली तर त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचं. तरी नाही सापडली तर त्याच्या हातावरचं बाळ काढून घ्यायचं आणि लपवून ठेवायचं, आमच्याकडे तांदळाच्या डब्यात. आणि तरीही त्याने ऐकलं नाही तर त्याला दोराने बांधून विहिरीत उलटा टांगायचा. वस्तू मिळाली की त्याला वर काढायचं, पुसायचं, बाळ परत द्यायचं आणि घरच्या सगळ्यांनी एकेक करून गुडघे टेकून त्याच्या पायांचा मुका घेत माफी मागायची. इथे शहरात हे ऐकून लोक हसतात. मीही हसले असते. मला त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे त्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते आणि माझी पेटी भरलेली होती. मुंबईच्या मदरांच्या बोर्डिंगात मला जागा मिळाली होती. वाडीतली एकही मुलगी तोवर बोर्डिंगात गेली नव्हती. मोठीबाय सुरुवातीला नाही म्हणाली होती. तियाने तिच्यामागे दोन महिने लकडा लावला. "पोरगी हुशार हाय मोठीबाय, हितं काय पीठ मळंल जन्मभर? मी मळते तेवढं पुरं हाय." शेवटी मोठीबाय पाघळली. माझ्या प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने माझं नाव तियाने भरलं. अक्षरं तिला येत नव्हती म्हणून मी खडूने काढून द्यायची आणि ती त्यावरून टाके घालायची. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट मे महिन्याच्या अखेरीला होती. तिने मी जाणार होते.

मेच्या सुरुवातीला मोठीबायने सणाची तयारी म्हणून मधल्या खोलीतली आपली ट्रंक उघडली. क्रूस नव्हता.

तिने ट्रंक तीनदा उपसली. मग घर उपसलं. दुपारपर्यंत पडवीत वाडीतल्या चार बाया जमल्या. बाहेरचं कुणी मधल्या खोलीत येत नव्हतं. पपा तिचा मुलगा, मी तिची नात. उरलं कोण?

"ईस्टरनंतर ट्रंकेची चावी तुज्याकडं दिलेली, आपोलिन. लुगडी उन्हात घालाया."

"दिलेली. लुगडी घातली, चावी परत दिली. तुमच्या हातात दिली."

"क्रूस तवा होता?"

"मी काय ट्रंकेच्या तळात हात घालते? तुमी म्हनला वरची लुगडी काढ, मी वरची काढली."

"मुंबयला तुजा दीर हाय न्हाय?" बायांतल्या एकीने विचारलं, जणू सहज.

तियाचं तोंड पांढरं झालं. "हाय. सात वरसं तोंड बघितलं न्हाय त्याचं. क्रूस काय पोस्टानं धाडला मी?"

तिला कुणी चोर म्हटलं नाही. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण अशा गोष्टी अशाच होतात. फक्त दुसऱ्या दिवसापासून मोठीबायने तिला पिठाला हात लावायला मनाई केली. येणाऱ्या सांताच्या पावाचं पीठ 'स्वच्छ हातांनी' मळायचं असतं, म्हणून. पपा एकटे मळू लागले. ती पाणी ओढायची, सोडणं रचायची, पण काथवटीजवळ गेली की मोठीबाय पडवीतून खाकरायची. तिया जेवायला आमच्याबरोबर बसेनाशी झाली. आणि सांत अंतोनवर एकामागून एक शिक्षा सुरू झाल्या: भिंतीकडे तोंड, मग बाळ तांदळाच्या डब्यात, मग विहीर. दोर पपांनी बांधला. पाय वर, डोकं खाली, कमरेपर्यंत पाण्यात. मी वाकून पाहिलं तेव्हा मला त्याचं वर वळलेलं बूड दिसत होतं.

आठ दिवस तो तसा होता. तिया रोज त्याच्याशेजारून बादली सोडायची आणि त्याला लागू नये म्हणून दोर एका बाजूला धरायची. एकदा मी तिला त्याच्याशी बोलताना ऐकलं. "तू बी उलटा, मी बी उलटी. बघू आधी कोन सरळ व्हतो."

नवव्या दिवशी सकाळी काथ्याचा जुना दोर काठावर घासून तुटला आणि पाणी पिऊन जड झालेली मूर्ती बुडाली. पाव घ्यायला आलेल्या बाया होत्याच, त्यांनी ओरडा केला. पपांनी बादली काढायचा लोखंडी आकडा सोडला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा झग्यात अडकला. वर ओढताना मूर्तीचं बूड विहिरीच्या दगडांवर खाडकन आपटलं. पपांनी तिला काठावर उभी केली. रंग फुगला होता, नाकाचा टवका गेला होता. काठाच्या दगडावर खालून पाणी निथळू लागलं, पाण्याबरोबर मेणाचा एक तुकडा आला, मग चिंधीचं टोक. आणि चिंधीतून सोन्याच्या साखळीचा एक वेढा.

पहिला आवाज कुणाचा ते मला सांगता येणार नाही. "चमत्कार!" मग सगळ्याच. कुणी गुडघ्यावर पडली, कुणी छाती बडवायला लागली. "चोरानं हिरीत टाकलेला गे! सांतानं बुडी मारून पोटात घेतला!" मोठीबाय पडवीतून धावत आली, तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने चिंधी ओढली, क्रूस बाहेर आला, आणि चिंधी तिच्या हातात राहिली.

मी तिच्या अगदी समोर होते. मी सांगते ते मी पाहिलं आहे. तिने चिंधीकडे पाहिलं आणि तिला आठवलं. ईस्टरच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीत चोरी झाली होती. त्या भीतीने तिने क्रूस ट्रंकेतून काढून, स्वतःच्या फाटक्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, सांताच्या पोटात कोंबला होता आणि वरून मेण लावून भोक बुजवलं होतं. म्हातारं माणूस, विसरली. विसरण्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आता तिच्याहून म्हातारी आहे, चष्मा डोळ्यांवर असताना शोधते. पण त्या क्षणी तिला आठवलं, आणि पुढे जे केलं ते आठवून केलं.

तियाने मेणाचा तुकडा उचलला. "मोठीबाय, ही चिंधी तुमच्या हिरव्या लुगड्याची हाय. आनि हे भोक कुनी बुजवलेलं?"

"सांतानं," मोठीबाय म्हणाली.

"सांत अंतोन स्वतःच्या बुडाला मेन लावतो?"

एखादी बाई हसली असती, पण कुणी हसलं नाही. मोठीबायने क्रूसाचा मुका घेतला. "पाप केलेल्या मान्साला चमत्कार दिसत न्हाय."

तेव्हा तिया माझ्याकडे वळली. "लुसी, ईस्टरला आल्तारावरची अर्धी मेनबत्ती कुटं गेली म्हनून मी तुला इचारलं. तू काय सांगितलंस?"

मी काय सांगितलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मेणबत्ती मी मोठीबायला नेऊन दिली होती. तिने सांताला उलटा मांडीवर घेतला होता, मी त्याचं डोकं धरून उभी राहिले होते, आणि ती म्हणाली होती की आत झुरळं शिरतात म्हणून भोक बुजवते. क्रूस मी पाहिला नव्हता. पण मेण, चिंधी, मांडी, सगळं पाहिलं होतं. आणि तियाने विचारल्यावर सांगितलंही होतं: मोठीबायनं घेतली.

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. पपा दोराची गाठ सोडवत होते, नको तितका वेळ लावून. मोठीबाय अगदी मायेने म्हणाली, "सांग बाळा. तू आता मुंबयला जानार शिकाया, व्हय ना? खरं काय ते सांग."

माझी पेटी मधल्या खोलीत होती. विहिरीपाशी उभं राहून दारातून तिचा एक कोपरा दिसे.

"मना आठवत न्हाय," मी म्हणाले.

खोटं बोलणाऱ्या मुलाला निदान एक मान असतो, तो काहीतरी रचतो तरी. मी तेवढंही केलं नाही. मोठी माणसं कचेरीत उभी राहून बोलतात ते वाक्य मी दहाव्या वर्षी बोलले. डोळ्यांच्या संताचं नाव लावणारी मी.

तियाने सांताला उचललं, पदराने त्याचं तोंड पुसलं, झग्याच्या चुण्यांतलं शेवाळ बोटाने काढलं, आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यातून बाळ आणून त्याच्या हातावर बसवलं. मग माफीचा कार्यक्रम झाला. मोठीबाय, पपा, मी, मग बाया. तियाची पाळी आली तेव्हा मोठीबाय म्हणाली, "माग माफी आपोलिन, सगळं कबूल कर. सांत मोठ्या मनाचा हाय."

"पान्यात टांगला त्याची मागते," तिया म्हणाली. ती वाकली, पायांचा मुका घेतला आणि उठली. "चोरीची मागायची ती ज्यानं केली त्यानं मागावी. हितं चोरीच झाली न्हाय."

रविवारी पाद्रींनी देवळात या प्रकरणावर प्रवचन केलं. ते आमच्या घरी येऊन मूर्ती पाहून गेले होते, चिंधीही पाहून गेले होते. पाप कितीही खोल बुडवलं तरी संत ते वर आणतात, असं ते म्हणाले, आणि आपोलिनच्या बाकाकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही, त्यामुळे इतर सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या पडवीत लोक मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. लितानी, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, म्हणायची, मग उकडलेले चणे वाटायचे. ते चणे तियाने उकडलेले असत. लोकांना ते चालत. पीठ नाही, पण चणे चालत. लाकडाच्या तुकड्याला आठ दिवस पाण्यात ठेवलं म्हणून वाडी गुडघे टेकत होती, आणि स्वयंपाकघरात चूल फुंकणाऱ्या जिवंत बाईची माफी मागावी असं एकाच्याही मनात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पपांकडे गेले. ते भट्टीत लांब दांड्याचं लाकडी फावडं घालून पाव फिरवत होते.

"पपा, मेन मी नेऊन दिलेलं. मोठीबायला."

ते वळले नाहीत. "मना म्हाईत हाय."

"म्हाईत हाय?"

"चिंधी बघितली तवाच कळलं. मना काय डोळं न्हायत?"

"मग सांगा ना सगळ्यांना!"

त्यांनी पाव बाहेर ओढले, खालून बोटाने वाजवून पाहिले, टोपलीत टाकले. "बाय म्हातारी झाली, लुसी. ह्या वयात तिला वाडीसमोर खोटी पाडू? आपोलिनला मुंबयत कुटंबी काम मिळंल, हाताला चव हाय तिच्या. मी बोललोय एका घरी. आनि तू आता गप ऱ्हा. आता बोललीस तर तुजं जानं ऱ्हाईल."

मी गप राहिले. माझे पपा वाईट नव्हते. हे वाक्य मी त्यांच्याबद्दल आयुष्यभर म्हणत आले, आता म्हणायचा कंटाळा आला आहे. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी पाव भाजले.

दोन वेगळ्या खेपा कशाला म्हणून आम्हा दोघींना एकाच आगबोटीने पाठवलं. तियाने मला बोर्डिंगाच्या दारात सोडायचं आणि मग ज्या घरी स्वयंपाकाचं काम ठरलं होतं तिथे जायचं. किनाऱ्यावरून नेणाऱ्या पडावातून आगबोटीवर चढताना तिने माझी पेटी आधी वर दिली, मग मला, मग तिचं बोचकं. बोचकं पेटीच्या चौथाईएवढंही नव्हतं. डेकवर ती दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली. मी तिच्या बाजूला, थोडं अंतर सोडून. किनारा सरकत होता, सुरूची झाडं, मोहल्ल्यातली पांढरी घरं. मला वाटत होतं ती आता बोलेल, आता बोलेल. तिने फडक्यातून फुगे काढले, पिठाचे तळलेले गोळे, सणाला करतात ते. पहाटे उठून केलेले असणार, मनाई केलेल्या हातांनी. अर्धे माझ्यापुढे ठेवले, अर्धे स्वतः खाल्ले. एका बाजूनेच चावत होती, दुसरी दाढ दुखत होती.

"तिया, एखादी गोष्ट सांग ना," मी शेवटी म्हणाले. लाज बघा माझी.

"संपल्या," ती म्हणाली.

बोर्डिंगाच्या दगडी दारापाशी मदर आली, पेटीवरचं नाव वाचलं, माझ्या फ्रॉकच्या कॉलरवरचं लाल दोऱ्याचं नाव वाचलं आणि म्हणाली, "नीट भरलंय." तियाला ते इंग्रजी कळलं नाही. मी सांगितलंही नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

"मला लिवता आलं असतं तर येताना देवळाच्या दारावर लिवून आले असते. खडूनं, मोठ्या अक्षरात. मला येत न्हाय. तुला येईल. माज्यामुळं येईल. शीक, आनि लिही."

मग ती गेली. पुढे महिन्यातून एका रविवारी भेटायला यायची, फुगे घेऊन, आणि इकडचं तिकडचं बोलायची. विहिरीबद्दल कधीच नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना ती न्यूमोनियाने गेली. वाडीत परत गेली नाही. तिच्यावर माती टाकायला ती कामाला होती त्या घरची बाई आणि मी, आणि कबरस्तानाच्या दाराशी टोपी काढून उभा असलेला शेजारचा गाडीवान, एवढेच होतो. मला त्या वर्षी धर्मशिक्षणाचं पहिलं बक्षीस मिळालं, संतांच्या चरित्रांचं इंग्रजी पुस्तक, सोनेरी कडांचं. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यात खोटं बोलणारे सगळे राजे आणि सुभेदार होते. पेटीसाठी खोटं बोललेली मुलगी एकही नव्हती.

आणि मी लिहिलं नाही. वेळापत्रकं लिहिली, प्रगतिपुस्तकं लिहिली, बिशपांना पत्रं लिहिली, तुम्हाला दर महिन्याला लिहिते. हे नाही लिहिलं. आधी मोठीबाय जिवंत होती म्हणून, मग पपा होते म्हणून, मग कुणीच उरलं नाही तेव्हा आता कशाला म्हणून. तोवर चमत्कार मात्र वाढत गेला. आता वाडीतले नातेवाईक त्या विहिरीवर संगमरवरी पाटी लावणार आहेत आणि मजकूर मी लिहावा म्हणतात, माझं मराठी चांगलं म्हणून. त्यांनाही आजच लिहिते आहे. त्यांना पाठवायचा मजकूर असा, आणि नीना, तुझ्या वहीतही हाच उतरून घे, एक शब्द न बदलता:

आपोलिनने क्रूस घेतला नव्हता. मोठीबायने तो स्वतःच्या हाताने सांत अंतोनच्या पोटात ठेवला आणि वरून मेण लावलं. मेण मी नेऊन दिलं होतं. मला आठवत होतं.